घडीची भट्टी

पलटणीतून पेन्शन घेऊन आकाराम कोरेगावजवळच्या आपल्या गावी परतला आणि वर्षाच्या आत त्याची बायको अंजना गेली. मुलगा पुण्याच्या कारखान्यात, सून त्याच्याजवळ. ऊस वाटेकऱ्याकडे. उरलं घर, आणि ते दिवसभर खायला उठायचं. म्हणून सकाळचा चहा झाला की आकाराम थेट कोंडीबा लोहाराच्या छपरात जाऊन बसायचा. दोघं लहानपणी एकाच मास्तरांचा मार खाल्लेले. पोत्यावर बसावं, भाता ओढावा, आल्यागेल्याची टिंगल करावी, यात दुपार कशी व्हायची ते कळत नसे.

"आक्या, पलटणीत फुकटचं खाऊन सुस्तावलास व्हय रं? ओढ की जोरानं!" लोखंड ठोकता ठोकता कोंडीबा ओरडायचा.

बाकीचं गाव त्याला हवालदारसाहेब म्हणायचं. आक्या म्हणणारा माणूस जगात हा एवढाच राहिला होता, आणि तेवढ्यासाठी आकाराम रोज आनंदानं धूर खायचा.

पंचाईत व्हायची ती अमावास्येची. त्या दिवशी लोहार भट्टी पेटवत नाही. मग हवालदारसाहेब सकाळपासून सोप्यात नुसते येरझाऱ्या घालायचे. शेवटी शहात्तर सालच्या उन्हाळ्यात आकारामनं ठरवलं, आपली आपणच एक भट्टी करायची. पलटणीत खेचरांना नाल ठोकणाऱ्यांकडे घडीची भट्टी असायची, ती त्यानं डोळे भरून पाहिली होती. हात तेव्हापासूनच शिवशिवत होते.

एक जुनं घमेलं घेतलं. त्याला आतून चिकणमाती आणि राखेचा गिलावा दिला. तो तडकला. पुन्हा दिला, पुन्हा तडकला. मातीत घोड्याची लीद मळली तेव्हा कुठं टिकला. घमेल्याच्या बुडाला भोक पाडून नळी बसवली. सांगलीच्या भंगारवाल्याकडून पंखा आणला आणि त्याला पायानं दाबायचा पायटा जोडला, म्हणजे भाता ओढायला दुसरं माणूस नको. खाली दुमडणारे पाय लावले. सगळं सामान एका हातात उचलून नेता येत होतं. कोंडीबाला त्यानं यातलं अवाक्षर सांगितलं नाही. एकदम समोर नेऊन ठेवायची आणि त्याची जिरवायची, असा बेत होता.

आषाढाच्या अमावास्येला त्यानं ती अंगणात पेटवली. भांगलणीचे दिवस. शेजारची भामाबाई मोडकं खुरपं घेऊन दारात उभी राहिली.

"कोंडीबाचा भाता बंद हाय. तेवढं बघतासा का, हवालदार?"

आकारामनं बघितलं. तापवून, ठोकून, धार लावून दिलं, आणि ती पदराची गाठ सोडायला लागली तेव्हा म्हणाला, "ऱ्हाऊ द्या. हौस हाय माजी."

हौसेची बातमी शिवारभर झाली. दिवस मावळेपर्यंत बायका येत राहिल्या. अंजना गेल्यापासून त्या अंगणात एवढा गलका झाला नव्हता. आकाराम घामानं निथळत होता आणि हसत होता. इतका सुखाचा दिवस त्याला कित्येक महिन्यांत मिळाला नव्हता.

दुसऱ्या दिवशी भट्टी हातात धरून तो कोंडीबाच्या छपरात शिरला. त्याला पाहताच कोंडीबा हातातलं काम टाकून उठला, घरातून लाकडी खुर्ची घेऊन आला आणि उपरण्यानं पुसून ती मांडली.

"या हवालदारसाहेब. बसा."

"आरं, चेष्टा करतुस व्हय?" आकाराम हसला. त्याचं पोतं कुठंच दिसत नव्हतं. कोंडीबाची बायको तानुबाई भात्यावर बसली होती. तिनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला.

कोंडीबानं भट्टी खालून-वरून पाहिली. "लय झ्याक झालीया."

"कोंड्या, रागावलास? बायकांचं काम अडलं हुतं, म्हणून दिलं करून. तुज्या पोटावर पाय द्यायचा म्हणून न्हवं."

"पैसं घेतलं असतं तर भांडलो असतो, साहेब," कोंडीबा शांतपणे म्हणाला. "फुकट करणाऱ्यासंगं भांडायचं कसं? त्या खुरप्यांवर आमाला खळ्यातलं धान्य मिळतं. आता बायका म्हनत्यात, लोहाराला कशापायी घालायचं?"

"मोडून टाकतो मी ही भट्टी. आत्ता, हितंच."

"नगं, कशाला? चांगली चीज हाय. एकट्या माणसाला बरी."

त्याच्या बोलण्यात खोच नव्हती. असती तर आकाराम तिला धरून दोन शिव्या देऊ शकला असता.

भट्टी माळ्यावर गेली. खुरपी घेऊन येणाऱ्या बायकांना आकाराम हात जोडून कोंडीबाकडे पाठवू लागला, आणि त्या जातही होत्या. तरी छपरातली खुर्ची हलली नाही. तो आत शिरला की कोंडीबा उठून उभा राहायचा. "भाता वढू का?" असं विचारलं तर म्हणायचा, "नगं साहेब, कापडांवर ठिणगी पडंल." गप्पा पावसाच्या आणि उसाच्या दराच्या, तालुक्याच्या पाहुण्याशी कराव्यात तशा. मग तानुबाई कपबशीतून चहा आणायची.

चहा संपला की पाहुण्यानं उठायचं असतं. म्हणून आकाराम तो कप दोन्ही हातांत धरायचा, आणि चहा पार गार झाला तरी एक घोट तळाशी तसाच ठेवायचा.