खिंडीतला हिंदुराव

नबीलाल पेंटरनं चिंधी टर्पेंटाइनमध्ये भिजवली आणि हिंदुरावचा चेहरा पुन्हा पुसायला घेतला. या खेपेला नुसता चेहरा पुसून भागणार नव्हतं. दगडाला डोकं टेकून पडलेला अख्खा मावळा उचलून बाजीप्रभूंच्या डाव्या अंगाला उभा करायचा होता.

"पेंटर, तुमी कुनाकुनाचं ऐकत बसनार?" तालमीचे वस्ताद सयाजीराव दारातूनच गरजले. "शिवजयंती तोंडावर आली की!"

"हिंदुरावच्या आईचं ऐकतोय, वस्ताद. तिच्यापुढं माजं काय चालतंय?"

चित्र तालमीचं होतं. बांगलादेशच्या लढाईत पेठेतली पोरं कामी आली, त्यांची आठवण म्हणून सयाजीरावांनी घोडखिंडीचा प्रसंग ठरवला. पन्हाळ्याहून निसटलेले शिवाजी महाराज विशाळगडावर सुखरूप पोचावेत म्हणून खिंड अडवून उभे राहिलेले बाजीप्रभू आणि त्यांचे मावळे. मावळ्यांना तोंडं मात्र पेठेतल्या जवानांची. गेलेले पडलेल्यांत, परतलेले उभ्यांत. दुसऱ्या गावात अशी कल्पना काढणाऱ्याला लोकांनी वेड्यात काढलं असतं. कोल्हापुरात घराघरांतून फोटो आले.

घोळ झाला तो हिंदुरावपाशी. तो गेलाही नव्हता आणि परतलाही नव्हता. सरहद्दीवरच्या एका ओढ्याकाठून त्याची तुकडी मागं सरली, तेव्हा तिला वाट मिळावी म्हणून तो मशिनगन घेऊन मागं थांबला. नंतर तिथं कुणी सापडलं नाही. पलीकडं पकडलेले आपले जवान सुटून आले, त्यांतही तो नव्हता. सरकारनं 'बेपत्ता' असं कळवलं. बेपत्ता माणसाला चित्रात कुठं ठेवायचं, ते सरकार थोडंच कळवणार?

आधी हिंदुरावचे वडील, पिराजी, एकटेच येऊन गेले होते.

"पडलेल्यात घाल, बाबा," ते म्हणाले होते. "त्येच्या आईचं वाट बघनं मला बघवत न्हाय. पोराचं ताट वाढल्याबिगर जेवत न्हाय ती."

नबीलालनं तसं केलं आणि फसला. हिंदुरावच्या आईनं, बायडाबाईनं, चित्र पाहिलं आणि तालीम डोक्यावर घेतली. "माज्या जित्या लेकाला झोपवतोस व्हय रं? तू? त्येच्या ताटात जेवलेला तू?" नबीलालला मेल्याहून मेल्यासारखं झालं. हिंदुराव आणि तो याच तालमीच्या मातीत एकमेकांच्या उरावर बसून वाढले होते.

म्हणून आता नवा हिंदुराव. भरतीच्या वेळचा फोटो काही कामाचा नव्हता, त्यात तो लग्नाला उभा राहिल्यासारखा दिसत होता. नबीलालनं फोटो बाजूला ठेवला आणि दोस्त आठवून आठवून रंगवला. आवळलेला जबडा, कपाळावर चिकटलेले केस, रक्तानं भिजलेला खांदा. उभा केला आणि त्याचं त्यालाच भरून आलं. मग त्यानं हिंदुरावच्या आईवडलांना बोलावणं धाडलं.

पिराजी उंबऱ्याबाहेरच थांबले. बायडाबाई आत आली आणि पदर तोंडाशी धरून चित्रापुढं उभी राहिली. आता ही आशीर्वाद देईल, निदान रडेल तरी, असं नबीलालला वाटलं.

"झालं न्हवं मनासारखं, मावशी?"

"जखम झालीया," ती म्हणाली.

"व्हय. सगळ्यास्नीच हाय."

"आन् तरी उभाच?"

"म्हाराज गडावर पोचल्याच्या तोफा हुईस्तवर कुनी जागा सोडायची न्हाय, मावशी. तसा हुकूमच हुता."

"मग? झाल्या का तोफा?"

 इतकी वर्षं नबीलालनं बोर्ड रंगवले, देव रंगवले, सिनेमाचे पडदे रंगवले, पण असं त्याला कुणी विचारलं नव्हतं.

"चित्रात आवाज कसा दावनार?"

"म्हंजे न्हाय झाल्या." ती चित्राजवळ सरकली. "म्हंजे ह्यो असाच ऱ्हानार. रगात गळत. कायमचा."

 सयाजीरावांनी मान खाली घातली.

"त्येच्या पलटनीतला पोरगा घरी येऊन सांगून गेला," बायडाबाई म्हणाली. "समदी मागं फिरली. ह्येला फीर म्हनून सांगाया कुनाला जाताच आलं न्हाय. आन् सांगितल्याबिगर त्यो हलनारा न्हवं रं. लहान असताना म्हसरापाशी बस म्हटलं, तर आंधार पडला तरी बसून ऱ्हायचा. मी जाऊन हाक मारली की मग उठायचा."

चित्राच्या वरच्या कोपऱ्यात धुक्यातून एका डोंगराची पुसट कड दिसत होती. तिनं तिकडं बोट केलं.

"ह्यो इशाळगड न्हवं?"

"व्हय."

"तिथं धूर काढ. तोफांचा."

सयाजीराव पुढं झाले. "बायडाक्का, तोफा झाल्या म्हंजे झुंज सपली. मग बाजी पडत्यात. समदं चित्रच बदलतंय."

"बदलू दे."

नबीलालनं तिच्याकडं पाहिलं, मग पांढऱ्यात थोडा काळा कालवला. गडावर एक लोट उठला, त्याच्या शेजारी आणखी एक. धूर जरा जास्तच पसरला. पिराजी कधी आत येऊन बायकोशेजारी उभे राहिले, ते कुणालाच कळलं नाही.

"त्येला दिसला आसंल?" बायडाबाईनं विचारलं.

 नबीलालनं मान डोलावली.

"मग आता बसीव त्येला खाली," ती म्हणाली. "लई येळ उभा हाय."