भिंगरीने बसवलेला रेडिएटर

"तुम्ही दोघं शेवटचं भांडलात कधी?"

भिंगरीने एका दमात विचारून टाकलं आणि दाराच्या चौकटीला टेकून उत्तराची वाट बघत उभी राहिली. प्रश्न तिचा नव्हता. मैत्रिणींनी पैज लावली होती: प्रत्येकीने घरी आईबाबा दोघं समोर असताना हा प्रश्न विचारायचा आणि उत्तर जसंच्या तसं मधल्या सुट्टीत सांगायचं. एकीच्या घरी म्हणे या प्रश्नावरूनच ठिणगी पडली, आणि रात्रीचं जेवण दोन वेगवेगळ्या खोल्यांत झालं. भिंगरीला तर दोघं एकत्र समोर सापडायलाच आठवडा लागला.

बाबा बुटाची नाडी बांधता बांधता थांबले. आईने स्क्रीनवरची नजर न काढता उत्तर दिलं, "भांडायला दोघं एका वेळी जागे नकोत का?"

"आत्ता आहोत की," बाबा म्हणाले.

"आत्ता तुमची पाळी सुरू होईल."

"मग राहिलं." बाबांनी डबा उचलला आणि निघाले. दुसऱ्या बुटाची नाडी तशीच लोंबत होती.

हसण्यासारखंच होतं सगळं. पण हसायलाही अंगात थोडी ताकद लागते, आणि त्या घरात ती कुणाकडे शिल्लक नव्हती. भिंगरी सोडून. तिच्याकडे दोन घरांना पुरेल एवढी होती, म्हणून तर तिचं नाव भिंगरी पडलेलं.

बाबा रात्रभर गोदामात माल उचलायची फोर्कलिफ्ट चालवायचे आणि सकाळी येऊन झोपायचे. झोपायचे म्हणजे आडवे व्हायचे. कारण त्याच खोलीत आईचं टेबल, आणि टेबलाखाली आईचा संगणक. आई लोकांच्या स्वयंपाकघरांची चित्रं करून द्यायची: ओटा कुठे, कपाटं कुठे, खिडकीतून ऊन कसं येईल. ते ऊन, ती चकाकी चढवायची वेळ आली की संगणक तापायचा आणि त्याचा पंखा असा काही सुटायचा, की वाटावं विमान धावपट्टीवर आलंय. उडत मात्र कधी नाही, नुसतं धावतंय. बाबा उशी कानावर दाबून भिंतीकडे तोंड करायचे.

गेल्या आठवड्यात त्यांनी फोर्कलिफ्ट मांडणीवर घातली. "रॅकला जरा खांदा लागला," असं हसत सांगितलं त्यांनी. पण मुकादम हसला नव्हता. पुन्हा झालं तर गाडीवरून खाली उतरवीन, असं तो चारचौघांत म्हणाला होता. ते सांगताना बाबांचे डोळे कांदा चिरल्यासारखे लाल होते.

संगणक दुसरीकडे हलवायचा तर कुठे? बाहेरच्या खोलीतच स्वयंपाक, तिथे वाफ आणि तेल. उरली भिंगरीची खोली. तिच्या खिडकीमागे पत्र्याच्या पेट्या ठोकायचा कारखाना, त्यामुळे दिवसा तिथे झोपणं अशक्य. पण कानाला हेडफोन लावून काम करता आलं असतं. बाबांनी एकदा तसं सुचवलंही होतं. आई म्हणाली होती, "राहू द्या हो. किती हौसेने लावलीय पोरीने." भिंगरीने ते दाराआडून ऐकलं होतं, श्वास रोखून. आधी ती अडगळीची खोली होती. वर्षभर हट्ट करून तिने ती मिळवली, एक भिंत स्वतः निळी रंगवली, दारावर 'टकटक केल्याशिवाय येऊ नये' अशी पाटी लावली. विषय तिथेच मिटला, आणि त्याच दिवसापासून भिंगरी झपाटल्यासारखी दुसरा काहीतरी उपाय शोधायला लागली.

तो सापडला मैत्रिणीच्या ताईकडे. तिने आपल्या संगणकाला नवा वॉटर कूलर घेतला आणि जुना, चांगला चालणारा, भिंगरीला देऊन टाकला. प्रोसेसरच्या डोक्यावर बसणारा चपटा पंप, त्यातून निघालेल्या दोन रबरी नळ्या, आणि नळ्यांच्या टोकाला विटेहून लांब असा जाळीदार रेडिएटर. पाणी प्रोसेसरची उष्णता उचलून रेडिएटरमध्ये नेणार, तिथे दोन मोठे पंखे हळू फिरून ते गार करणार. हळू! भिंगरीला तेवढा एकच शब्द पुरेसा होता.

शनिवारी आई गिऱ्हाइकाकडे गेली. बाबा आत तळमळत होते. भिंगरीने संगणक ओढत बाहेरच्या खोलीत आणला, बाजूचा पत्रा उघडला आणि फरशीवर फतकल मारली. जुना पंखा निघाला. प्रोसेसरवरचा, उष्णता पुढे नेणारा वाळलेला लेप पुसून तिने नवा लावला, वाटाण्याएवढा. पंपही बसला. रेडिएटरचं मात्र जमेना. वर लावावा तर मेमरीच्या पट्ट्या आडव्या येतात. पुढे लावावा तर तिथे हार्ड डिस्कचा पिंजरा, आणि त्यात आईचं सगळं काम. त्याला हात लावायची छाती होईना. शेवटी तिने रेडिएटर संगणकाच्या डब्याच्या तळाशी निजवला, स्क्रू पिळले, डबा आतल्या खोलीत टेबलाशी परत नेला, आणि आई आल्यावर थाटात बटण दाबलं.

थोडा वेळ शांतता. मग डब्यातून गुळगुळ, गुळगुळ असा आवाज सुरू झाला.

"कुणाचं पोट बिघडलंय?" पलंगावरून बाबांनी विचारलं.

"झोपा हो तुम्ही," आई म्हणाली.

"झोपतोच आहे. हा काय!"

भिंगरीने वाकून पंपाला बोट लावलं. तो थरथरत होता. मग तिच्या लक्षात आलं. बंद नळ्यांत थोडी हवा असतेच, आणि हवा सगळ्यांत उंच जागी जाऊन बसते. रेडिएटर तळाशी गेला, म्हणजे उंच जागा उरली पंपाची. पाणी ढकलायचं सोडून बिचारा हवा चघळत बसला होता.

"पुन्हा काढावं लागेल," ती म्हणाली. "पुढेच लावायला हवा. तो पिंजरा निघेल का गं?"

आईने डोळे मिटून घेतले. "उद्या संध्याकाळी चित्रं द्यायचीत मला."

"तासाभरात करते! शपथ!"

आई फरशीवर येऊन बसली. पिंजरा तिने स्वतःच काढला, डिस्क टॉवेलात गुंडाळून फळीवर ठेवल्या, त्यातली चालू कामाची तेवढी डब्याच्या तळाशी बसवली, आणि मग टॉर्च धरला. भिंगरीने रेडिएटर उभा करून पुढच्या जाळीला टेकवला. टॉर्चचा उजेड स्क्रूवरून घसरून तिच्या गुडघ्यावर आला, तिथून फरशीवर.

"आई, उजेड."

"हं. धरलाय की."

उजेड वर आला आणि पुन्हा घसरला. आई बसल्या बसल्या डुलक्या घेत होती. भिंगरीने टॉर्च हळूच काढून स्वतःच्या दातांत धरला.

त्या घाईत तिने रेडिएटर जाळीला जोडायला लांब स्क्रू घेतला. तो पंख्यातून आरपार जायचा स्क्रू. इथे लावला असता तर थेट आतल्या पाण्याच्या नळीत घुसला असता. दोन फेरे आत गेल्यावर तिचा हात आपोआप थांबला. तिने तो उलटा फिरवून काढला आणि आखूड स्क्रू शोधला.

आई दचकून जागी झाली. "काय झालं?"

"काही नाही. पूर येणार होता, टळला."

या वेळी बटण दाबलं तेव्हा काहीच ऐकू आलं नाही. आईने मुद्दाम सगळ्यांत जड चित्र चढवायला लावलं. तरीही नाही. कान डब्याला लावला तर कुठे मंद वारा वाहिल्यासारखं. भिंगरीने दोन्ही मुठी वर करून आवाज न करता उडी मारली. आई थकलेलं हसली आणि कामाला बसली. बाबांनी उशी कानावरून काढली.

टिक.

माउसचा आवाज. बाबांनी कूस बदलली.

टिक, टिक. खुर्ची करकरली. बाबांनी पुन्हा कूस बदलली. आई आता श्वास रोखून, बोट अलगद ठेवून दाबायला लागली. टिक.

"तू जोरात कर गं," बाबा डोळे मिटूनच म्हणाले. "असं चोरून केलंस की जास्त ऐकू येतं."

भिंगरी दारातच गोठली. इतके दिवस त्या घरघरीने बाकीचे सगळे आवाज पोटात घेतले होते. आता ती गेली, तर टिकटिक उरली, आईचा सुस्कारा उरला, बाबांच्या मिटल्या पापण्यांवर नाचणारा स्क्रीनचा उजेड उरला.

"मी बंद करते," आई म्हणाली. "तुम्हाला रात्री जायचंय."

"आणि तुझी चित्रं?"

"बघू."

"नको, तू कर. मी पडून राहतो."

"असे डोळे घेऊन गाडीवर बसणार?"

"बघू."

आईचा हात माउसवर तसाच होता, ना दाबलेला ना उचललेला. बाबा उठून पलंगाच्या कडेला बसले, पाय खाली सोडून, बसची वाट बघणाऱ्या माणसासारखे.

भिंगरीच्या हातात स्क्रूड्रायव्हर होता आणि पिळण्यासारखा एकही स्क्रू उरला नव्हता. तिने मागे वळून पाहिलं. अर्धवट उघड्या दारातून तिची निळी भिंत दिसत होती. मागचा कारखाना रोजच्यासारखा पत्रा बडवत होता. तिने ओठ घट्ट मिटले, नाकाने लांब श्वास घेतला आणि खोलीत येऊन स्क्रूड्रायव्हर टेबलावर असा आपटला, की दोघांनी एकदम माना वर केल्या.

"ऐका. दोघंही जागे आहात तोवर सांगते. संगणक माझ्या खोलीत जाणार. आत्ताच. माझा पलंग बाहेर काढायचा, मी स्वयंपाकाच्या खोलीत गादी टाकून झोपेन, आणि 'राहू दे' हा शब्द मला कुणाच्या तोंडून ऐकायचा नाहीये. बाबा, तुम्ही आडवे व्हा. आई, तू वायरी काढ."