सासूबाईंची कवळी

माझा धंदा कवळ्या बनवण्याचा, आणि गेला महिनाभर माझ्या सख्ख्या सासूबाई मिठाची गुळणी धरून बसल्या होत्या. काय झालं विचारलं की बोट कवळीकडे. म्हणजे माझ्याकडेच. आता सांगा, ज्याच्या घरातलीच कवळी टोचते, त्याच्यापुढे गावातलं दुसरं कोण तोंड उघडणार?

शेवटी सासरे कवळी डबीत घालून माझ्या कामाच्या खोलीत आले. हा माणूस जन्मभर घड्याळं दुरुस्त करत बसला, 'हूं'च्या पुढे कधी गेला नाही. घरातलं सगळं बोलणं सासूबाईंच्या अंगावर.

"काहीतरी करा," ते म्हणाले. "ती बोलत नाही. घर खायला उठतं."

मी समजावलं. कवळी कडक ॲक्रिलिकची. तिच्यातल्या रेणूंच्या लांब साखळ्या इतक्या दाटीवाटीने बसलेल्या असतात की एकीलाही कूस बदलता येत नाही. म्हणून हिरडीच्या बाजूने मी मऊ थर देतो. त्यात तेलकट पदार्थाचे बारके रेणू साखळ्यांच्या मधे शिरतात, त्यांना जरा लांब सारतात, आणि साखळ्यांना हलायला जागा मिळते. पण हे बारके लेकाचे टिकत नाहीत. लाळेबरोबर हळूहळू निसटतात, साखळ्या पुन्हा जखडतात आणि थर कडक होतो.

"मग घाला की तेल," सासरे म्हणाले. "ती गप्प म्हणून मलाच बोलावं लागतंय. हवापाण्याचं झालं, शेजाऱ्यांचं झालं. काल तर वडील मला मारायचे तेही सांगून बसलो. कुणाला सांगितलं नव्हतं मी ते."

मी थरावर नख दाबलं. ते रुतलं, आणि काढल्यावर थर पुन्हा होता तसा झाला. अगदी नव्यासारखा मऊ. असा संताप आला म्हणून सांगू! सासऱ्यांना काही न सांगता कवळी घेऊन त्यांच्याबरोबर त्यांच्या घरी गेलो आणि त्यांना चहा करायला पिटाळलं.

"आई, कवळीला काही धाड भरलेली नाही," मी म्हणालो. "माझी अब्रू का घालवताय?"

सासूबाईंनी कवळी बसवली, स्वयंपाकघराकडे एक नजर टाकली आणि कुजबुजल्या. एक अक्षर बोबडं नाही.

"हळू बोला. माझ्या तोंडाच्या पट्ट्यात या माणसाला शिरायला कधी फटच मिळाली नाही. आता रोज काहीतरी सांगतात. मला ऐकायचंय हो, जावईबापू."

त्यांचे डोळे भरून आले. माझा राग कुठल्या कुठे गेला, पण धंद्याचं काय?

सासरे कप घेऊन आले. "झालं?"

"तेल घातलंय," मी म्हणालो. "पण मुरायला वेळ लागतो. अजून महिनाभर आईंनी बोलायचं नाही."

"आणखी महिना? मी बोलू तरी काय?" ते खुर्चीत बसले. कप हातात फिरवला. मग सासूबाईंकडे न बघता म्हणाले, "तू पहिल्यांदा दुकानात आलीस ना, तेव्हा तुझं घड्याळ बिघडलंच नव्हतं. नुसती चावी द्यायची राहिली होती. तरी मी म्हटलं, दुरुस्तीला वेळ लागेल, पुढच्या आठवड्यात या."

सासूबाईंचं तोंड उघडलंच होतं. त्यांनी ते दोन्ही हातांनी दाबून धरलं.