एसटीच्या पायरीखालचा चौरंग

मित्रांनो, मी एक जुना चौरंग आहे. नाव ऐकून लगेच हात जोडू नका. माझ्यावर आजवर कधी कलश बसला नाही की फुलाची पाकळी पडली नाही. माझ्यावर पडला तो पाय, आणि तोही लोखंडी पट्ट्यांच्या बुटातला. खरं सांगू? मला त्याचा तोरा आहे.

मला घडवलं पलूसच्या नानासो सुतारांनी, बाभळीच्या लाकडातून. घडवून घेतलं आण्णा गवंड्यांनी, आपल्या लेकीसाठी. लेकीचं नाव आम्रपाली. लहानपणीच्या पोलिओनं तिच्या एका पायातली सगळी आणि दुसऱ्यातली निम्मी ताकद नेली होती. एका पायात पट्ट्यांचा बूट, काखेत कुबडी. सपाट रस्त्यावर ती अशी झपाझप चालायची की बरोबरच्या पोरींना दम लागायचा. पण एसटीची पहिली पायरी आली की सगळं अडायचं. ती पायरी तिच्या गुडघ्याच्याही वर. मग आण्णा गाडीच्या दारात पाठ वाकवायचे आणि आम्रपाली पाठीवर बसायची. शाळा, कॉलेज, सांगलीचा दवाखाना, सगळा प्रवास बापाच्या पाठीवरून झाला.

सांगलीला एका कचेरीत ती मुलाखतीला गेली, तीही तशीच. तिथल्या साहेबांनी खिडकीतून पाहिलं आणि पहिलाच प्रश्न विचारला, "वडील रोज पाठीवर घेऊन येणार का?" झालं, नोकरी तिथंच गेली. त्याच महिन्यात आण्णांची कंबर धरली. डॉक्टर म्हणाले, आता ओझं उचलायचं नाही.

"ओझं म्हंजी मीच की, आण्णा," आम्रपाली हसत म्हणाली. आण्णा हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी सुतळीचा तुकडा घेऊन ते पलूसच्या स्टँडवर जाऊन बसले.

तीन दिवस ते एसटीच्या पायऱ्या मोजत होते. रिकामी गाडी उंच उभी राहते, भरलेली खाली बसते, आणि स्टँडची जमीन तर जागोजागी खालीवर. गवंडीच तो, मापाला पक्का. प्रत्येक मापाला सुतळीला एक गाठ मारली आणि ती सुतळी नानासोंपुढं टाकली.

"कशाची पूजा मांडताय, आण्णा?" नानासोंनी विचारलं. "तुमच्यात तर चौरंग लागत न्हाई."

"पूजा न्हाई रं नानासो. पोरीला एसटीत चढायचं हाय."

नानासोंच्या हाताला सवय चौरंगाची. साधं काम त्यांना जमतच नसे. त्यांनी माझ्या पायांना गोल घाट दिला, कडेनं सुंदर वेलबुट्टी कोरली. तीच वेलबुट्टी पुढं आम्हाला नडली, ते सांगतोच.

माझ्या अंगाला एक भोक पाडून त्यात लांब दोरी बांधली होती. आम्रपाली मला पायरीखाली ठेवायची, माझ्यावर चढायची, दांडा धरून वर जायची, आणि मग दोरी ओढली की मी टकटक करत तिच्या मागोमाग वर. पहिल्या दिवशी गाडीतले लोक म्हणाले, "आरं, हिरीतनं बादली आली बघा!" हसू देत. मी काही कुणाच्या बापाचं खात नव्हतो.

मग शहाण्णव साली साताऱ्याहून पत्र आलं. तिथल्या एका लहानशा सहकारी संस्थेला पलूसच्या शाखेसाठी कारकून हवा होता. मुलाखत साताऱ्याला, दुपारी बारा वाजता. पत्रात खाली लिहिलं होतं, महिन्यातून दोनदा हिशेब घेऊन साताऱ्याला एकट्यानं यावं लागेल. आम्रपालीनं ते 'एकट्यानं' तीनदा वाचलं. "आण्णा, तुमी येऊ नका," ती म्हणाली. आण्णा स्टँडपर्यंत आले आणि गाडी सुटेपर्यंत कुबडीकडंच बघत राहिले.

कराडपर्यंत सगळं झ्याक झालं. कराडला साताऱ्याची गाडी लागली आणि आम्रपालीनं मला पायरीखाली ठेवलं. इतक्यात मागून एक फौजी आला. सुट्टी संपवून पलटणीकडं निघालेला, खांद्यावर काळी लोखंडी ट्रंक, तिच्यावर पांढऱ्या रंगात नाव: धैर्यशील. माणूस देवासारखा चांगला. आणि तिथंच घोटाळा झाला.

त्यानं पाहिलं, वेलबुट्टीचा चौरंग लोकांच्या पायाशी पडलाय. कुणाचा तरी पूजेचा असणार, त्याला पाय लागता कामा नये! त्यानं ट्रंक आत ढकलली, मला दोन्ही हातांनी उचललं, कपाळाला लावलं आणि फलाटाच्या खांबाशी अलगद ठेवलं. मग वळला आणि आम्रपालीला, एका शब्दानं न विचारता, लहान पोरासारखं उचलून गाडीत ठेवलं. वर म्हणतो कसा, "काळजी करू नका, ताई. आमी हाय की." घंटी वाजली, गाडी सुटली. मी खांबाशी.

दोरी माझ्या पायाशी वेटोळं होऊन पडली होती. केळी विकणाऱ्या राहीबाई आल्या, माझ्याकडं बघून म्हणाल्या, "कुणाचा गं बाई चौरंग?" आणि त्यांनीही मला नमस्कार केला. मला ओरडून सांगावंसं वाटलं, नमस्कार नको गं बाई, गाडी थांबव! पण लाकडाला कुठलं तोंड?

पुढचं मला आम्रपालीच्या घरातल्या बोलण्यातून नंतर कळलं. अनोळखी माणसानं अचानक उचलल्यामुळं रागानं आणि लाजेनं तिची वाचाच बसली होती. कोयनेचा पूल ओलांडला तेव्हा कुठं ती ओरडली, "माझा चौरंग!"

"आवं ताई, तो देवाचा न्हवं का?"

"देवाचा न्हाई, माझा हाय! त्याच्याबिगर मी कचेरीच्या पायऱ्या कशा चढू? तिथं बी कुणी उचलून नेलं तर माझी नोकरी गेली!"

फौजीनं कपाळावर हात मारून घेतला. त्यानं स्वतःच घंटीची दोरी ओढली आणि गाडी नीट थांबायच्या आत खाली उडी मारली. "ताई, तुमी फुडं जावा. ट्रंक ठेवा तारण म्हणून!"

आणि मला काय दिसलं माहीत आहे? जड बुटांनी धाडधाड करत, घामाघूम होऊन तो फलाटावर पळत आला आणि मला छातीशी धरलं. राहीबाई ओरडल्या, "आरं, चोर!" तो पळता पळताच म्हणाला, "चोर न्हाई मावशी, गाढव हाय!" त्या दिवसातलं सगळ्यात खरं वाक्य तेच.

पुढच्या गाडीनं आम्ही निघालो. अकरा वाजून गेले तरी नागठाणं मागं पडेना. साताऱ्याच्या स्टँडवर पोचलो तर आम्रपाली खाली, चक्क ट्रंकेवर बसलेली. कंडक्टर बाळासोंना तिनं ट्रंक पायरीखाली आडवी लावायला सांगितली होती आणि ती आपली आपण उतरली होती. शाबास त्या ट्रंकेची. मला जरा असूया वाटली, खोटं कशाला बोलू?

रिक्षानं कचेरी गाठली. समोर सात दगडी पायऱ्या, ढोपराएवढ्या उंच, धरायला कठडा नाही. फौजीचे हात सवयीनं पुढं आले. मग त्यानं ते आखडते घेतले, मला उचललं आणि हळूच विचारलं, "कुठं ठेवू, ताई?"

"हितं. जरा डाव्या अंगाला. बास."

तेवढंच. बाकी सगळं आम्रपालीनं आणि मी केलं. एकेक पायरी: मला ठेवायचं, चढायचं, दोरीनं वर ओढायचं. सातवी पायरी संपली तेव्हा बाराला पाच कमी होते. वर दारात चष्मा लावलेले साहेब उभे राहून बघत होते. ते म्हणाले, "महिन्यातून दोनदा यावं लागेल. जमेल?"

आम्रपाली धापा टाकत म्हणाली, "आज आले की, सर."

साहेब हसले. पंधरा दिवसांनी नेमणुकीचं पत्र आलं.

आता मी म्हातारा झालोय. वेलबुट्टी झिजली, एक पाय किंचित डुगडुगतो. पण महिन्यातून दोनदा सातारा चुकत नाही. मित्रांनो, मदत करू नका असं मी म्हणत नाही. करा, लाख वेळा करा. पण कुणाला हात लावण्याआधी, कुणाची कुबडी, काठी किंवा माझ्यासारखं लाकूड हलवण्याआधी तोंड उघडून विचारा. 'कुठं ठेवू?' एवढे दोनच शब्द. आणि मला कधीमधी तेलाचा हात लावा म्हणजे झालं.

अरे हो, एक सांगायचं राहिलंच. मुलाखतीच्या त्या संध्याकाळी आम्ही पलूसला परतलो. आण्णा दुपारपासून स्टँडवर बसून होते. गाडी थांबली तसे ते दाराशी आले आणि काही न विचारता, वीस वर्षांच्या सवयीनं, दुखरी कंबर घेऊन पाठ वाकवून उभे राहिले.

आम्रपालीनं दोरीनं मला खाली सोडलं. माझ्यावर एक पाय ठेवला, मग जमिनीवर दुसरा. कुबडी काखेत घेतली आणि बापाच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली,

"आण्णा, मी उतरले. आता सरळ व्हा."