दसऱ्याला पुजलेलं मशीन

नागपूरच्या गाडीतून उतरून, दोन बस बदलून भीमराव गजभिये धायरीतल्या सोसायटीच्या फाटकात शिरले, तेव्हा त्यांना फक्त आंघोळ आणि झोप हवी होती. पण लिफ्टकडे जाताना नजर गेलीच. जिन्याजवळच्या भिंतीवर, बंद पडलेल्या हृदयाला शॉक देणाऱ्या मशीनची पांढरी पेटी होती. तिला झेंडूची जाड माळ घातली होती. काचेवर हळदीकुंकवाची बोटं उमटली होती, पेटीच्या माथ्यावर आपट्याची पानं होती. खाली फरशीवर नारळाचं पाणी वाळलं होतं आणि त्याला मुंग्या लागल्या होत्या.

त्यांना हसू आलं नाही, रागही आला नाही. लिफ्टची मोटर, पाण्याचा पंप, सगळ्यांच्या गाड्या, सगळ्यांना माळा होत्या. मग या मशीनला का नको?

"आलात का दीक्षाभूमीवरनं?" बाबुराव खुर्ची टाकून पार्किंगमध्येच बसले होते. सोसायटी त्यांच्याच वडिलोपार्जित जमिनीवर उभी राहिली होती, त्यामुळे ते चेअरमन होते आणि मरेपर्यंत राहणार होते. "अवंदा तुमच्या मशीनची बी पूजा घातली बघा. झकास!"

"माझं नाही ते. सोसायटीचं आहे."

"किल्ली तुमच्याकडं, म्हंजे तुमचंच की."

किल्ली दसऱ्यापुरती त्यांनी बाबुरावांच्या बायकोकडे, विमलाबाईंकडे ठेवली होती. मागे काही झालंच तर पेटी उघडायला कुणीतरी हवं. आवाज ऐकून विमलाबाई बाहेर आल्या आणि पदराच्या गाठीतून किल्ली सोडून त्यांनी हातावर ठेवली. "घ्या भाऊ. जपली व्हती."

काचेतून हिरवा दिवा लुकलुकत होता. एरवी गावाहून आलं की भीमराव पेटी उघडायचे, छातीवर चिकटवायच्या पॅडचं पाकीट उलटंसुलटं करून बघायचे. आज खांद्यावर पिशवी होती आणि गाडीत बसून गुडघे सुजले होते. दिवा लागतोय ना, म्हणून त्यांनी माळ तेवढी काढली आणि वर गेले.

बायको, रतन, गेल्यानंतरचा हा तिसरा दसरा. आधी दोघं मिळून नागपूरला जायचे. भीमराव खडकीच्या कारखान्यात नोकरीला होते तेव्हाही रजा टाकून जायचे. गाडीत रतन भाकरीचं गाठोडं सोडायची आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांना वाटून टाकायची. आपल्याला कमी पडलं की म्हणायची, "मोजून काहाले खाता जी?" चाळीस वर्षं पुण्यात काढली, पण तिची बोली भंडाऱ्याचीच राहिली.

ती गेली ती याच जिन्याजवळ. कंपाउंडमधल्या कढीपत्त्याच्या दोन डहाळ्या आणायला म्हणून खाली गेली होती. लिफ्टची वाट बघत उभी होती आणि तिथेच खाली कोसळली. माणसं जमली. कुणी तोंडावर पाणी मारलं, कुणी कांदा फोडून नाकाशी धरला. भीमराव धावत खाली आले आणि तिचे तळपाय चोळत बसले, कारण त्यांच्या घरी असंच करत आले होते. मग रिक्षा आली. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "छाती दाबली का कुणी?" असं काही करायचं असतं हे तिथल्या एकालाही ठाऊक नव्हतं.

त्यानंतर भीमराव एका संस्थेत जाऊन छाती दाबायला शिकले आणि तिथेच स्वयंसेवक झाले. आसपास कुणी कोसळलं की त्यांच्या मोबाईलवर निरोप यायचा. ॲम्ब्युलन्स येईपर्यंत जाऊन छाती दाबायची, मशीन लावायचं, एवढंच काम. मशीन मिळालं ते अनिरुद्धमुळे. अनिरुद्ध सोसायटीचा सेक्रेटरी, हिंजवडीत कामाला, मूळचा सदाशिव पेठेतला. त्याच्या कंपनीनं ते भेट दिलं. कुलूप मात्र बाबुरावांनी लावलं. "उघड्यावर ठिवलं तर उद्या भंगारवाल्याकडं सापडंल," असं त्यांचं म्हणणं होतं आणि कुणी वाद घातला नाही.

तेव्हापासून भीमराव एका गॅरेजमध्ये गेले होते, मंगल कार्यालयाच्या भटारखान्यात गेले होते, समोरच्या इमारतीत तर दोनदा. एकही माणूस उठला नाही. कुणी नंतर चहा पाजला, कुणी तोंड फिरवलं. एका मुलानं विचारलं, "तुम्ही डॉक्टर आहात का? मग हात कशाला लावलात?" दर वेळी घरी येऊन ते हात धुवायचे आणि रतनच्या फोटोसमोर बसून राहायचे. सांगायला काही नसायचं.

पूर्वा, त्यांची मुलगी, बंगळूरूला नोकरीला होती. ती रोज फोन करायची. "बाबा, इकडे या. किती दिवस म्हणताय येतो येतो."

"इथलं मशीन कुणीतरी घ्यायला पाहिजे ना."

"तुम्ही तिथे माणसं मरताना बघायला थांबलायत का?"

बोलून गेल्यावर ती घाबरली आणि रडली. पण भीमरावांना राग आला नव्हता. खरं तेच ती बोलली होती. दसऱ्याच्या पुढच्या रविवारी सोसायटीची मीटिंग होती. त्या दिवशी किल्ली देऊन मोकळं व्हायचं, हे त्यांनी ठरवून टाकलं. कोणीतरी घेतली की तिकीट काढायचं.

रविवारी सकाळी पार्किंगमध्ये प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या. भीमराव रतनची निळी पिशवी घेऊन खाली आले. पिशवीत संस्थेनं दिलेलं जॅकेट, कात्री, रेझर आणि पॅडचं एक जादा पाकीट होतं. पेटीत दोन पाकिटं मावत नसल्यामुळे हे पाकीट घरात राहायचं. पाण्याच्या टँकरवरून अर्धा तास भांडण झालं. मग भीमराव उठले आणि किल्ली त्यांनी चहाच्या ट्रेशेजारी टेबलावर ठेवली.

"मी मुलीकडे चाललोय. हे कुणीतरी घ्या. शिकवून जाईन."

मग अनिरुद्धनं किल्ली उचलून बघितली, जणू पहिल्यांदाच बघत होता. "काका, मी आनंदानं घेतली असती. पण मी घरात असतो रात्री अकरा ते सकाळी सात. हार्ट अटॅकनी आपलं टायमिंग तसं ठेवलं तर माझी हरकत नाही."

थोडा हशा झाला. किल्ली पुढच्याकडे गेली. त्याला पाठदुखी होती. त्याच्या पुढचीची मुलं लहान होती. "वॉचमनला द्या की," असं कुणीतरी म्हणालं. "वॉचमन दर महिन्याला बदलतो, त्याला कशाला," असं दुसरं. बाबुराव म्हणाले, "मला रगत बघवत न्हाई."

"त्यात रक्त नसतं, बाबुराव."

"नसू दे. मला ते बी बघवत न्हाई."

विमलाबाई मागे चहाचे कप गोळा करत होत्या. त्यांना कुणी विचारलं नाही.

किल्ली अशी खुर्च्यांमधून फिरत असतानाच फाटकाकडून ओरडण्याचा आवाज आला. श्यामसुंदर, फाटकाशेजारी टपरीत इस्त्री करणारा, टेबलावर कपडे पसरलेले तसेच ठेवून खाली पडला होता. इस्त्री एका चादरीवर धूर सोडत होती.

भीमराव धावले. दोन वर्षांत पाय आपोआप धावायला शिकले होते, मन मागून यायचं. हाक मारली, खांदे हलवले. श्वास नव्हता. मधूनच मासा उघडतो तसं तोंड उघडत होतं, आणि त्याला श्वास म्हणत नाहीत. "एकशेआठला फोन लावा! मशीन आणा!" म्हणत त्यांनी छातीवर तळहात रोवले आणि दाबायला सुरुवात केली.

"किल्ली?" बाबुराव ओरडले. "किल्ली कुणाकडं हाय?"

कुणाकडेच नव्हती. मघाशी प्रत्येकानं ती पुढे सरकवली होती, आणि शेवटी ती कुणापाशी थांबली हे कुणाच्याच लक्षात नव्हतं. नंतर ती चहाच्या ट्रेखाली सापडली. तेव्हा मात्र बाबुरावांनी एका स्कूटरवरचं हेल्मेट उचललं आणि स्वतः घातलेल्या कुलपाकडे न बघता काच फोडली. मनगटाला कापलं, रक्त आलं. तसेच मशीन घेऊन ते धावत आले.

भीमरावांनी दाबणं अनिरुद्धच्या हाती दिलं. मागं संस्थेच्या शिबिरात तो फोटोपुरता गुडघ्यावर बसला होता. तेवढं त्याला आठवत होतं. भीमरावांनी मशीन उघडलं आणि थांबले. पॅडचं पाकीट वरून कापलेलं होतं. दोन्ही पॅड बाहेर काढून, त्यांवर हळदीकुंकवाचं एकेक बोट लावून, पुन्हा आत सरकवलेले होते. जेल वाळून कडक झालं होतं. छातीवर लावून पाहिलं तर पानासारखं उचकटून आलं. मशीनमधली बाई इंग्रजीत शांतपणे सांगत राहिली, पॅड नीट लावा, पॅड नीट लावा.

"मीच," विमलाबाई म्हणाल्या. "तलवार म्यानातनं काढून पुजत्यात न्हवं भाऊ. म्हनून मी काढलं. परत ठिवलं व्हतं की नीट."

पाकीट न बघता माळ काढून वर गेलो ते आपणच, हेही भीमरावांच्या डोक्यात येऊन गेलं. पण ते सगळं नंतरचं होतं.

"माझी निळी पिशवी. खुर्चीवर. पळा!"

एरवी विमलाबाईंचे गुडघे जिनाही चढू देत नसत. त्या पदर खोचून पळाल्या आणि पिशवी घेऊन आल्या. श्यामसुंदरची छाती घामानं निथळत होती. भीमरावांनी हाताला लागला तो इस्त्रीचा पांढरा शर्ट उचलला आणि त्यानं विमलाबाईंना छाती पुसून काढायला सांगितली. नवे पॅड चिकटले. मशीन जरा वेळ गप्प बसलं, मग म्हणालं, दूर व्हा.

"हात काढा सगळ्यांनी! अनिरुद्ध, हात काढ!"

बटण दाबलं. श्यामसुंदरचं अंग एकदा उडालं. लगेच भीमराव पुन्हा दाबायला लागले. मग अनिरुद्ध, मग पुन्हा ते. सिंहगड रस्त्यावर पुलाचं काम चाललं होतं, ॲम्ब्युलन्सचा आवाज कितीतरी वेळ लांबूनच येत राहिला. ती फाटकात शिरली तेव्हा श्यामसुंदरचा हात हलला आणि त्यानं भीमरावांचं मनगट धरलं. आधार म्हणून नाही, ढकलायला. त्याला दुखत होतं.

ॲम्ब्युलन्स गेल्यावर कुणीतरी टाळ्या वाजवल्या. भीमराव उठले नाहीत. ते टपरीच्या पायरीवर बसून राहिले, त्यांना कशाचंच काही वाटत नव्हतं. अनिरुद्धनं चुरगळलेला ओला शर्ट उचलून उलगडून पाहिला.

"माझाच आहे," तो म्हणाला. मग तो शर्टात तोंड घालून उभा राहिला.

श्यामसुंदर दिवाळीच्या आधी परत आला. जिवंत होता. टपरीत उभं राहायला अजून परवानगी नव्हती, म्हणून बायको इस्त्री करायची आणि तो खुर्चीवर बसून हिशेब सांगायचा. भीमराव भेटायला गेले तेव्हा तो म्हणाला, "चाचा, जान बचावली तुम्ही, सलाम तुम्हाला. पण दोन पसली तोडल्या हो. हसलो तरी दुखतंय."

"नीट दाबलं की बरगड्या मोडतात," भीमराव म्हणाले.

घरी येऊन त्यांनी हात धुतले आणि रतनच्या फोटोसमोर बसले. एवढ्या वेळा ते या जागी बसले होते, पण आज पहिल्यांदा त्यांना रडू आलं आणि ते आनंदाचं नव्हतं. माणूस वाचला की बरं वाटेल, असं त्यांनी तीन वर्षं धरून ठेवलं होतं. बरं वाटलं नाही. रतनची एकही बरगडी मोडली नव्हती. अंगावर ओरखडासुद्धा नव्हता. सगळे म्हणाले होते, किती शांत गेली. ती जशीच्या तशी गेली होती, कारण कुणी तिला दुखवलंच नाही.

ते बऱ्याच वेळानं उठले, आणि त्यांनी पूर्वाला फोन केला. "तिकीट काढ."

"आणि मशीन?"

"बघतो."

पण बघायला काही उरलं नव्हतं. पेटीला नवी काच बसवायची की नाही यावर मीटिंग झाली आणि बाबुराव पट्टी बांधलेला हात वर करून म्हणाले, "काच नको आन् कुलूप बी नको. गेलं चोरीला तर गेलं." किल्ली अनिरुद्धनं ट्रेखालून आणून दिली होती. भीमरावांनी ती खिशात ठेवली. आता ती कशालाच लागत नव्हती.

निघायच्या दिवशी ते बॅग घेऊन खाली आले. विमलाबाई स्टुलावर उभ्या राहून फडक्यानं पेटी पुसत होत्या. पॅडचं नवं पाकीट हातात घेऊन त्यांनी ते उजेडात धरलं, उलटं केलं, कडा बोटांनी चाचपल्या आणि परत ठेवलं. रोज सकाळी त्या हेच करायच्या. भीमराव त्यांना शिकवायला गेले तेव्हा पहिल्या दिवशी विमलाबाईंनी एवढंच विचारलं होतं, "दाबताना हाड मोडलं तर पाप लागंल का?" भीमरावांनी नाही म्हणून सांगितलं होतं.

"चाललात व्हय भाऊ," त्या स्टुलावरून उतरून म्हणाल्या. "एक इचारू का? पुढच्या दसऱ्याला पूजा करावी का करू नये?"

भीमराव थांबले. रतन पडली होती ती जिन्याजवळची फरशी त्यांनी तीन वर्षं पाय न टाकता ओलांडली होती. आज बॅग जड होती, म्हणून त्यांनी ती तिथेच टेकवली.

"करा," ते म्हणाले. "बाहेरून करा."