बेलपाड्याचा टीव्ही

समीक्षाने कॅलेंडरचं नोव्हेंबरचं पान फाडलं, उलटं करून डायनिंग टेबलावर पसरलं आणि दिपाच्या कंपासपेटीतली पट्टी घेऊन त्यावर आडव्या रेघा ओढल्या. प्रत्येक रेघेच्या सुरुवातीला एकेका अ‍ॅपचं नाव लिहिलं. मग गॅलरीकडे बघून हाक मारली.

"बाबा, जरा आत येऊन बसा ना. सगळ्यांचं रिन्यूअल याच महिन्यात आलंय. निकेश म्हणतो, तूच ठरव. मी एकटीने काय म्हणून ठरवू? बघता तर तुम्ही सगळे."

तिचा सासरा काशिराम उठून आला. रविवारची दुपार होती. मुलगा निकेश गाडी सर्व्हिसिंगला घेऊन गेला होता, नात दिपा चित्रकलेच्या वर्गाला. त्याची बायको हौसा जमिनीवर पाय पसरून सुपात जवळा निवडत होती. सुकापूरच्या या फ्लॅटमध्ये येऊन आठ वर्षं झाली, तरी तिने कधी खुर्चीत बसून जवळा निवडला नव्हता.

"पाच-पाच अ‍ॅप आहेत आपल्याकडे," समीक्षा म्हणाली. "जे खरंच बघितलं जातं तेवढंच ठेवू."

"मी तर फुकटचाच बघतंय," काशिराम म्हणाला. "भजनां, नायतर बैलांच्या शर्यती. मना यातला कायच नको."

"आणि क्रिकेट?"

"क्रिकेट पायजे."

"क्रिकेटचं अ‍ॅप तुमच्या मोबाइलच्या रिचार्जवर फुकट आहे. टीव्हीवर हवं असेल तर मात्र वेगळं घ्यावं लागतं."

"मंग मोबाइलवर बघतंय."

"एवढ्याशा स्क्रीनवर चेंडू दिसतो का तुम्हाला?"

"चेंडू नाय दिसत. पन आउट झालेला कलतो."

समीक्षा हसली आणि पहिल्या रेघेवर काट मारली. दुसरं मराठी मालिकांचं. त्याचं नाव घेतल्याबरोबर हौसाने मान वर न करता सांगितलं, "त्याला हात लावू नको हां. त्या सासूचा अजून काय खरा नाय. मेली का वाचली ते कलू दे, मंग काढ."

"आई, ती सासू मार्चपासून आयसीयूत आहे."

हौसा पुन्हा सुपात वाकली. काशिराम हसला नाही. समीक्षाच्या ते लक्षात आलं असावं, कारण तिने घाईघाईने त्या रेघेपुढे बरोबरची खूण केली आणि दिपाच्या कार्टूनकडे वळली. तेच कार्टून दोन अ‍ॅपवर होतं. एकावर जाहिराती मधे येत, दुसऱ्यावर नाही. जाहिरातवालं गेलं.

मग पाचवं राहिलं. सगळ्यांत महाग. पेन्सिल त्या नावावर टेकवून समीक्षा थांबली.

"हे तर कुणी बघतच नाही. म्हणजे..." ती अडखळली. "म्हणजे आपल्या घरात कुणी बघत नाही."

सुपातला हौसाचा हात थांबला.

हे अ‍ॅप कुठे बघितलं जात होतं, ते तिघांनाही ठाऊक होतं. काशिरामची आय अंथरुणाला खिळली होती तेव्हा निकेशने ते बेलपाड्याच्या घरी, काशिरामच्या धाकट्या भावाच्या, चांगोच्या टीव्हीवर लावून दिलं होतं. खातं काशिरामच्या मोबाइल नंबरवर काढलं होतं. म्हातारीला हिंदी कळत नव्हती, इंग्रजीचा तर प्रश्नच नव्हता. पण हत्ती, मासे, बर्फातले कोल्हे बघायला भाषा लागत नाही. उशाशी तक्के लावून ती ते तासन्‌तास बघत बसायची.

मग एका दुपारी तिला श्वास पुरेना. चांगो म्हणत होता, तिला कुठं नेऊ नका, तिनंच तसं सांगून ठेवलंय. काशिरामने ऐकलं नाही. अ‍ॅम्ब्युलन्स बोलावली, पनवेलच्या एका मोठ्या हॉस्पिटलात तिला नेलं. सहा दिवस ती आयसीयूत, काचेच्या पलीकडे होती. सातव्या दिवशी गेली. दहाव्याला खाडीवर सगळे सोयरेधायरे जमलेले असताना चांगो मोठ्याने बोलला होता, "आय आपल्या घरान मेली असती. या दादूसनं तिला काचंत मारली."

त्याला आता तीन वर्षं होऊन गेली. त्या दिवसापासून दोघे भाऊ एकमेकांशी बोलले नव्हते. एकाच लग्नात गेले तरी वेगवेगळ्या पंगतीला बसायचे. अ‍ॅपचे पैसे मात्र वर्षाच्या वर्षाला आपोआप कापले जात होते. ते बंद करायचं कुणाला सुचलं नव्हतं, की सुचूनही कुणी बोललं नव्हतं, हे काशिरामला सांगता आलं नसतं.

"काय करू, बाबा?" समीक्षाने हळूच विचारलं. "एकाच घरासाठीचा स्वस्त प्लॅन पण आहे यांचा. तो घेतला तर बाहेरचा टीव्ही काढावा लागेल."

"काढ," काशिराम म्हणाला.

हौसाने त्याच्याकडे पाहिलं. त्याने खिडकीबाहेर पाहिलं.

समीक्षाने फोनवर दोनदा-तीनदा बोट फिरवलं. "निघाला," ती म्हणाली. मग लगेच पुढे म्हणाली, "आता स्वस्त प्लॅन तरी घ्यायचा का, तेही बघू. काय काय बघितलं त्याची यादी असते यात. आपलं काहीच नसलं तर सरळ बंदच करते."

तिने यादी उघडली आणि फोन त्याच्यापुढे सरकवला. काशिरामने चष्मा लावला. नको म्हणता आलं असतं, पण त्याने तो लावला.

उजव्या बाजूला तारखा होत्या, डाव्या बाजूला नावं. आफ्रिकेतले हत्ती. उत्तरेकडचे मच्छीमार. समुद्राच्या तळाशी. पुन्हा हत्ती. म्हणजे चांगोही तेच बघत होता, आय बघायची तेच. काशिरामने अंगठ्याने यादी खाली सरकवली. यादी संपेना.

"हा एका दिवसाचा हाय?"

समीक्षाने वाकून पाहिलं. "हो. कालचा. एक, दोन... नऊ भाग आहेत."

"नऊ बघायला किती वेळ लागंल?"

"एकेक तासाचे आहेत. दिवस जाईल सगळा."

परवाचेही आठ होते. त्याच्या आदल्या दिवशी दहा. काशिराम मागे मागे जात राहिला. नोव्हेंबर, ऑक्टोबर, दसरा, नवरात्र, रोज तेच. सप्टेंबरच्या मध्यावर येऊन यादी एकदम विरळ झाली. त्याआधी आठवड्याला एखादा भाग, तोही अर्ध्यावर सोडलेला. जून-जुलैत तर काहीच नाही.

त्याने फोन टेबलावर ठेवला.

चांगोला तो साठ वर्षं ओळखत होता. खारघरच्या टॉवरांनी बेलपाड्याला चारी बाजूंनी वेढलं, जमिनी गेल्या, गावातल्या अर्ध्या लोकांनी भाड्याच्या खोल्या बांधल्या आणि बसून खाऊ लागले, तरी चांगोने खाडी सोडली नव्हती. पहाटे जाळं घेऊन जायचा. दुपारी गावात कुणाच्या तरी ओट्यावर असायचा. जेवायलासुद्धा तो घरात धड मांडी घालून बसत नसे, आय त्याच्यावर त्यावरूनच ओरडायची. असा माणूस दिवसाला नऊ-नऊ तास टीव्हीसमोर बसतो, तोही अडीच महिने.

"हौसे," तो म्हणाला. "चांगोला काय झालाय?"

हौसा जवळ्यातला कचरा बाजूला काढत राहिली.

"हौसे, मी काय इचारतंय?"

"तुमीच सांगितला व्हता ना, त्या घराचा नाव काढायचा नाय म्हनून," ती म्हणाली. "मी नाय काढला."

"काय झालाय ते बोल."

तिने सूप खाली ठेवलं. पदराला हात पुसले.

"पडला तो. गनपती झाल्यावर. खाडीच्या पायरीवर शेवाळ व्हता, त्यावरना घसरला. मांडीच्या वर लागलाय. त्याची साळू फोन करते मना कधीमधी. लय दुखतंय, उठता येत नाय. त्या हाडवैद्यानं पट्ट्या बांधल्या, त्या तशाच हायत."

"आनि डॉक्टर?"

"नाय."

"फोटो तरी काढला का? एक्स-रे?"

"नाय ना," हौसा म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला. "तो बोलतो, हॉस्पिटलान जानार नाय. कोनी बोलला का टीवी मोठा करतो. साळू रडत व्हती. ती मना बोलली, भावोजींना सांग. मी कसा सांगू? आनि तुमी जाऊन तरी काय सांगनार त्याला?"

दुसरं कुणीही बेलपाड्याला जाऊन चांगोला हॉस्पिटलात चल म्हणू शकलं असतं. आयला तिथे नेणाऱ्या काशिरामला तेवढंच म्हणता येत नव्हतं.

समीक्षा पेन्सिल हातात तशीच धरून बसली होती. "बाबा," ती म्हणाली, "मी आत्ता तो टीव्ही..."

तेवढ्यात काशिरामच्या सदऱ्याच्या खिशात फोन वाजला. कॉल नव्हता, मेसेज होता. त्याने तो लांब धरून वाचला आणि समीक्षाकडे दिला.

"लॉग-इनचा कोड आहे," ती म्हणाली. "त्यांचा टीव्ही बंद पडला ना, तो परत चालू करतायत. कोड नेहमी तुमच्याच नंबरवर येतो. पंधरा मिनिटं चालतो, मग बाद." थोडं थांबून ती म्हणाली, "कुणाकडे जातोय ते टीव्हीवर दिसतं तिकडे. शेवटचे आकडे दिसतात नंबराचे."

म्हणजे बेलपाड्यात खाटेवर पडल्या पडल्या चांगो ते आकडे बघत असणार. नंबर त्याला पाठ होता. काशिरामचा पहिला मोबाइल दोघांनी मिळूनच घेतला होता, पनवेलच्या बाजारात, आणि तेव्हापासून नंबर बदललेला नव्हता.

खाली गेटवर वॉचमन कुणातरी रिक्षावाल्याशी हुज्जत घालत होता. काशिराम फोनकडे बघत बसला. पाच-सहा मिनिटं गेली असतील. फोन पुन्हा वाजला.

"दुसरा कोड," समीक्षा म्हणाली. "पहिला आला नाही असं वाटून त्यांनी परत मागितलाय."

"चुकून दाबला असंल."

"चुकून नाही येत, बाबा. मुद्दाम मागावा लागतो."

काशिरामने फोन हातात घेतला. चांगोचं नाव त्यात सापडणार नव्हतं, कारण त्याने ते काढून टाकलं होतं. मग आठवून आठवून दहा आकडे दाबले. समीक्षाने पेन्सिल खाली ठेवली आणि उठून आत जाऊ लागली. हौसाने तिला हातानेच बसवलं.

तिकडे एकाच रिंगला फोन उचलला गेला. पण कुणी हॅलो म्हटलं नाही.

"मी," काशिराम म्हणाला.

श्वासाचा आवाज येत होता.

"नंबर सांगतंय. घे."

"सांग," चांगो म्हणाला. त्याचा आवाज ओळखू येईना इतका खाली गेला होता.

"पाच."

"पाच."

"शून्य... सात... परत सात."

रिमोटची बटणं दाबल्याचा बारीक टकटक आवाज आला. मग संगीत वाजलं आणि कुणीतरी भारदस्त आवाजात हिंदीत बोलू लागलं. काहीतरी चीत्कारलं.

"झाला?"

"झाला."

एवढं झाल्यावर फोन ठेवायला हरकत नव्हती. दोघांपैकी कुणीच तो ठेवला नाही. मागे त्याच्या बायकोचा, साळूचा आवाज आला, "कोन हाय?" आणि चांगो तिला काहीतरी पुटपुटला, ते ऐकून ती गप्प झाली.

"पाय कसा हाय?" काशिरामने विचारलं.

"हाय."

"सूज?"

"हाय तशीच."

हॉस्पिटल हा शब्द काशिरामच्या ओठांपर्यंत आला आणि त्याने तो गिळला. त्याऐवजी तो म्हणाला, "तो टीवी मी काढायला सांगितला व्हता. आत्ता. मना म्हायती नव्हता."

"समजलाय मना," चांगो म्हणाला. "मी बोललो, चला, दादूसला आपली आठवन तरी झाली."

काशिरामने चष्मा काढून टेबलावर ठेवला. समोर बसलेली समीक्षा कॅलेंडरच्या पानाकडे बघत होती. हौसा सुपाकडे बघत होती आणि सुपात निवडण्यासारखं काही उरलेलं नव्हतं.

फोनमध्ये बराच वेळ नुसता टीव्हीच बोलत राहिला. मग तो आवाज कमी झाला.

"दादूस."

"बोल."

"त्या हॉस्पिटलान..." चांगो थांबला. "तिथं खोलीन टीवी असतो काय रे?"

आयला ठेवलं होतं तिथे टीव्ही नव्हता. यंत्रं होती, त्यांवर हिरव्या रेघा पळत होत्या, आणि सहा दिवस काशिराम बाहेरून त्याच बघत उभा होता. हे त्याने कधी कुणाला सांगितलं नव्हतं, हौसालासुद्धा नाही.

"असतो," तो म्हणाला. "खोलीन असतो. नसला तर आपन लावू."

"बरा," चांगो म्हणाला. आणि थोड्या वेळाने, "मंग सकालच्याला ये. येताना दोन मानसा घेऊन ये. एकल्या साळूला मी उचलवत नाय."

"दोन कशाला," काशिराम म्हणाला. आपण केव्हाचे उभे राहिलो आहोत, हे त्याला तेव्हा कळलं. "एक निकेशला आनतंय. दुसरा मी हाय ना."