तोरस्टाडच्या ओढ्यातून

"आर्डिसबाई, पाय सांभाळा! काठाला लागला तर मला तक्रार करावी लागेल."

"लेलँड, शाळेत तुला ताट पुसून खायला मी शिकवलं. आता पाय कुठे ठेवायचा ते तू मला शिकव," आर्डिस ओढ्यातूनच म्हणाली आणि चालत राहिली.

नोव्हेंबरचं पाणी, मांडीपर्यंत. कडेला बर्फाचे पापुद्रे धरलेले. आर्डिसच्या गळ्यात म्यानबंद बंदूक आणि पाठीवर एल्क हरणाची मागची तंगडी. तिच्यामागे आम्ही गावातले पाचसहा जण, उरलेलं मांस प्लॅस्टिकच्या घसरगाड्यांवर ठेवून पाण्यावरून ओढत होतो. काठावरून लेलँड आपली चारचाकी आमच्या चालीनं हाकत होता.

आर्डिस आमच्या शाळेत स्वयंपाक करते, मी शाळेची बस चालवतो. तिचा हिवाळा एल्कच्या मांसावर निघतो. नवरा होता तेव्हा दोघं जायची, तो गेल्यावर ती एकटी जाते. शिकारीचा डोंगर सरकारी, म्हणजे सगळ्यांचा. पण रस्ता आणि डोंगर यांच्या मध्ये तोरस्टाडांचं रान पसरलेलं. पूर्वी शरदात त्यांच्या स्वयंपाकघराचं दार वाजवायचं, विचारायचं. सिगने तोरस्टाड म्हणायची, "फाटक लावून घ्या म्हणजे झालं." परतताना जमीनवाल्याचा वाटा तिच्या दारात पोचवायचा. याहून जास्त कायदा आम्हाला कधी लागला नाही.

मग सिगनेचा नवरा वारला, तिचे गुडघे गेले, आणि एका कंपनीनं सगळ्या रानातल्या शिकारीचा हक्क भाड्यानं घेतला. बाहेरगावचे पाहुणे विमानानं येतात. फाटकांना कुलपं लागली, आणि राखणीला कंपनीनं आमच्याच गावातल्या लेलँडला ठेवलं. डोंगर आमचाच राहिला, फक्त तिथे जाता येईना. गाव चार दिवस चरफडलं आणि गप्प बसलं. मीही बसलो.

आर्डिस बसली नाही. आमच्या राज्यात जमीन कुणाचीही असो, ओढ्याचं पात्र सगळ्यांचं. मासे धरणाऱ्यांना हे पाठच असतं. पण एल्कसाठी ऐन थंडीत एवढं पाणी तुडवायचं वेड कुणाच्या डोक्यात येणार? ती पहाटे रस्त्यावरच्या पुलाखालून पाण्यात उतरली, डोंगरावर चढली, आणि दुपारी वरून तिचा फोन आला, "रॉय, मिळाली मादी. माणसं घेऊन ये. पाण्यातून या, बरं का."

पाय एकदा काठावर पडला असता तर तिचा परवाना गेला असता आणि पुढच्या वर्षी कुणी पाण्यात उतरलं नसतं. हे आम्हाला कळत होतं, लेलँडलाही कळत होतं.

वळणावर डोह आहे. मासेवालेसुद्धा तिथे काठावरून वळसा घालतात. लेलँडनं गाडी थांबवली. इकडेतिकडे बघत हळूच म्हणाला, "दोन पावलं वरून या. मी तिकडे तोंड करतो."

"तू तोंड फिरवशील रे. पण मला दिसेल ना!"

तिनं तंगडी माझ्या घसरगाडीवर टाकली, बंदूक डोक्यावर धरली आणि डोहात शिरली. पाणी छातीपर्यंत आलं. ती पलीकडे निघाली तेव्हा तिचे दात वाजत होते आणि ती हसत होती. मला तिचा असा अभिमान वाटला की मी मोठ्यानं आरोळीच ठोकली. मग काय, सगळेच ओरडत तिच्यामागून डोहातून पलीकडे आले.

त्या आरोळीनं सिगने बाहेर आली. तिचं घर ओढ्याला लागूनच आहे. "अगं आर्डिस, गारठून मरशील! वर ये, कॉफी टाकलीय."

"कशी येऊ? काठ तू भाड्यानं दिलायस."

"घर माझंच आहे अजून!"

"शिकाऱ्यांना मनाई आहे, सिगनेबाई," लेलँड चोरट्यासारखा म्हणाला. "करारातच आहे तसं."

सिगनेचा चेहरा उतरला. आर्डिसनं घसरगाडीवरून पाठीचा मऊ तुकडा उचलला, सगळ्यात चांगला, आणि हात लांब केला. "धर. तुझा वाटा."

"माझी वाट बंद आहे, तरी?"

"दारावरून तर चाललेय ना तुझ्या."

सिगने काठाशी आली, मांस घेतलं आणि घरात गेली. दार बंद झालं. दुखावली, असं वाटलं मला. आम्ही पुढे निघणार, तोच दार उघडलं. पायात नवऱ्याचे मोठे रबरी बूट, एका हातात किटली, दुसऱ्या हातात कपांचा झुबका. एकेक गुडघा सांभाळत ती उतार उतरली आणि सरळ पाण्यात आली.

"इथे उभं राहायला कुणाची परवानगी लागते का रे, लेलँड?"

"नाही, बाई."

आर्डिसनं तिचा दंड धरला. सिगनेनं कप भरले. आम्ही ओढ्याच्या मधोमध उभं राहून कॉफी प्यायलो. गेल्या शरदापासूनच्या सगळ्या गप्पा निघाल्या. जावई कसा आहे, गाई किती ठेवल्या, गुडघ्यांचं काय म्हणतात डॉक्टर.

"एखादा कप उरलाय का?" काठावरून लेलँडनं विचारलं.

"आहे की," सिगने म्हणाली. "खाली ये, मिळेल."

लेलँडनं गाडी बंद केली आणि गवतात बसून बुटांच्या नाड्या सोडायला लागला.